छपराच्या धंद्यातला मे महिना

मुंबईतल्या माणसाला डोक्यावर छप्पर आहे याची आठवण मे महिन्यात होते. एप्रिलभर आमचा फोन निवांत पडलेला असतो. अक्षय्य तृतीया उलटते, एखाद्या संध्याकाळी ठाण्याच्या बाजूला आभाळ जरा काळवंडतं, आणि मग दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "मृगाच्या आत करून द्या." मृग सात जूनला. फोन करणारा वीस मेला करत असतो.

आमचा धंदा पत्र्याच्या शेडचा. भांडुपला एलबीएस मार्गालगत एका गाळ्यात ऑफिस आहे आणि त्याच्याच मागे माल ठेवायची जागा. कारखान्यांच्या छपरांवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून रंगीत पत्रे टाकणं, सोसायट्यांच्या गच्चीवर गळती थांबवायला शेड घालणं, लालबाग-परळकडच्या चाळींची कौलं आणि पन्हळी दुरुस्त करणं, अशी सगळी कामं असतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः फिटर म्हणून सुरुवात करून हा पसारा उभा केला. नवरा साइट सांभाळतो. मी एका कंपनीत अकाउंट्सला होते. २०२१ च्या पावसाळ्यानंतर ती नोकरी सोडून इथे बसायला लागले.

२०२१ च का, तर त्या वर्षी १७ मेला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले. त्या संध्याकाळी सुरू झालेला फोन जून संपेपर्यंत थांबला नाही. वर कोरोनाचे निर्बंध चालू, निम्मे कारागीर गावाला, माल मिळेना. तरीही कामं भरपूर झाली. वर्षअखेरीला हिशेब मांडला तर उलाढाल कधी नव्हे एवढी आणि शिल्लक बेताची. अण्णा म्हणाले, "सीझनच तसा होता." मला ते पटेना. वादळ काही दर मे महिन्यात येत नाही, पण मेची हातघाई आणि मार्चची हाताची घडी ही तर दरसालची गोष्ट होती.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते बघायचं म्हणून मी एक वही घातली. प्रत्येक कामाला एक पान. पहिला फोन कधी आला, मोजमाप कधी झालं, कोटेशन कधी गेलं, होकार, माल, कामाची सुरुवात, शेवट, बिल आणि पैसे. शिवाय एक रकाना असा की साइटवर माणसं बसून राहिली तर कशापायी. हा रकाना भरायला मुकादमाला रोज रात्री फोन करायचा. पहिले काही दिवस त्याला वाटलं मी त्याची हजेरी घेतेय. मग त्याला कळलं की त्याची तक्रार पहिल्यांदाच कुणीतरी लिहून घेतंय. त्यानंतर फोन त्याचाच यायला लागला.

वहीतून जे दिसलं ते अण्णांनाही नवीन होतं. छपरावरची माणसं हळू नव्हतीच. एकदा माल हाताशी आला की आमचे फिटर कुणाला ऐकत नाहीत. वेळ जात होता तो मधल्या जागांत. मोजणारा एक, मागवणारा दुसरा, बसवणारा तिसरा, बिल करणारी चौथी. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काहीतरी गळत होतं. गळती थांबवायचा धंदा आमचा, पण ही गळती कुणाच्या नजरेत आली नव्हती.

मुलुंडच्या एका गाळ्याचं उदाहरण सांगते. पत्रे वेळेवर आले, दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी चढले, आणि मग लक्षात आलं की मोभावर बसणारा रिज, म्हणजे दोन उतारांमधली फट झाकणारा दुमडलेला पत्रा, मागवलेलाच नाही. अण्णांनी मोजमाप एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं होतं. त्यावर लांबी-रुंदी होती. रिज त्यांच्या डोक्यात होता. माल मागवला माझ्या नवऱ्याने, त्याने पत्रिका बघून मागवला. आता रिज म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे, पण रंग जुळणारा हवा, आणि तो कळंबोलीच्या लोखंड बाजारातूनच येणार. तोवर छपराच्या मधोमध हातभर फट उघडी आणि खाली पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, मशिनं. ताडपत्री बांधा, दोन दिवस माणसं दुसरीकडे हलवा, परत आणा, टेम्पोचं भाडं पुन्हा द्या. त्या कामात जो काही नफा होता तो त्या फटीतून गेला.

तेव्हा पहिली सुधारणा अगदी साधी निघाली: साइटचा कागद. पाठपोट छापलेला एक फॉर्म. तो पूर्ण भरल्याशिवाय कोटेशन निघणार नाही आणि त्याची प्रत लावल्याशिवाय मालाची ऑर्डर जाणार नाही. फॉर्म बनवायला मी मुकादमाला आणि दोन जुन्या फिटरांना समोर बसवलं आणि विचारलं, साइटवर गेल्यावर कशामुळे डोकं फिरतं? जे जे त्यांनी सांगितलं तो एकेक रकाना झाला.

उदाहरणार्थ, कर्ण. गाळा चौकोनी दिसतो म्हणून काटकोनात असतोच असं नाही. जुन्या बांधकामात एक टोक दुसऱ्यापेक्षा चार इंच पुढे गेलेलं सर्रास सापडतं. नुसती लांबी-रुंदी मोजली तर हे कळत नाही. दोन्ही कर्ण मोजले आणि ते सारखे आले नाहीत तर कळतं. नाहीतर पत्रे एका बाजूने सरळ लावत गेलं की शेवटपर्यंत जाता जाता ओळ तिरकी पळते आणि टोकाच्या पत्र्यांना ग्राइंडर लावावा लागतो. रंगीत पत्र्याला ग्राइंडर लावला की त्या कडेला गंज ठरलेला.

दुसरा रकाना झाकणारी रुंदी. आपण वापरतो त्या नालीदार रंगीत पत्र्याची एकूण रुंदी साधारण १०७० मिलीमीटर असली तरी बाजूच्या पत्र्यावर चढणारा भाग वजा केला की प्रत्यक्षात झाकलं जातं साधारण १००० मिलीमीटर. साठ फूट लांबीच्या शेडला एकूण रुंदीने भागलं तर अठरा पत्रे लागतात, झाकणाऱ्या रुंदीने भागलं तर एकोणीस. हा जो एकोणिसावा पत्रा आहे, त्याच्यासाठी वेगळा टेम्पो पाठवलेला धंदेवाला मुंबईत आम्ही एकटेच नसू. हे पत्रे हव्या त्या लांबीचे कापून मिळतात. ही सोय आहे, पण तितकाच धोकाही. लांबी एकदा चुकली की तो पत्रा दुसऱ्या कुठल्याच साइटला बसत नाही, आमच्या गाळ्यात उभा राहतो. मी आले तेव्हा मागच्या भिंतीला अशा अनाथ पत्र्यांची रांग होती.

मग पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात त्या लोखंडी आडव्या पट्ट्या. वरचे पत्रे काढल्याशिवाय खालचं लोखंड किती खाल्लंय ते दिसत नाही, असं अण्णा म्हणायचे. मुकादम म्हणाला, खालून शिडी लावून हातोडीने ठोकत गेलं तर आवाजावरून कळतं, पोपडे पडले तर डोळ्यांनीच दिसतं. आता ठोकून बघणं हा रकाना आहे. पर्लिन बदलायची असेल तर वेल्डिंग आलं, खाली पार्टीचा माल असेल तर आगीची काळजी आली, आणि मुख्य म्हणजे खर्च आला. तो खर्च कोटेशनमध्ये आधी सांगितला की पार्टी कुरकुरते आणि देते. पत्रे काढून झाल्यावर सांगितला की भांडते.

आणि शेवटचा, सगळ्यांत मोठा रकाना: पत्रा वर चढणार कुठून? वीस फुटी पत्रा लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याला वळत नाही. तो बाहेरून दोर लावून ओढायचा, म्हणजे खाली मोकळी जागा हवी, वाटेत विजेच्या तारा नकोत, कुणाच्या खिडकीची ग्रिल आणि कपडे वाळत घालायच्या दांड्या नकोत. गल्लीत ४०७ ट्रक वळतो का, की छोटा हत्ती टेम्पोच जातो? छोटा हत्ती असेल तर वीस फुटी माल त्यात बसणार नाही, दोन तुकड्यांत मागवावा लागेल. दोन तुकडे आले की जोडावर किमान सहा इंच चढण आली, उतार कमी असेल तर त्याहून जास्त आणि मध्ये सीलंटची पट्टी. म्हणजे गल्लीची रुंदी मोजली नाही तर पत्र्याची लांबी ठरत नाही. हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं, आणि आम्ही ते तीन माणसांत वाटून तिघांना वेगवेगळं विचार करायला लावत होतो.

त्यावरून घरात खडाजंगी झाली ती मुकादमाला मोजमापाला नेण्यावरून. माझं म्हणणं, जो बसवणार आहे त्याने आधी बघावं. अण्णांचं म्हणणं, "मुकादम सर्व्हेला गेला की साइटवर माणसं पत्ते खेळणार." दोघांचंही खरं होतं. शेवटी सोमवार सकाळ सर्व्हेसाठी ठेवली आणि एका चांगल्या फिटरला त्या वेळेपुरतं साइटचं बघायला लावलं, त्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, वाढवून. मुकादम पहिल्यांदा आमच्याबरोबर आला तेव्हा मी टेप धरून उभी, अण्णा वर बघतायत, आणि तो मात्र खाली वाकून शेजारच्या गाळ्याची भिंत बघत होता. "पानी किधर जाएगा, भाभी?" पन्हळीचं पाणी ज्या पाइपातून उतरायचं तो शेजाऱ्याने आपल्या पोटमाळ्याच्या बांधकामात चिणून टाकला होता. नवीन शेड घातली असती तर पहिल्याच पावसात सगळं पाणी मागे फिरून गाळ्यात आलं असतं, आणि नाव आमचं झालं असतं. त्या दिवसापासून अण्णांनी सोमवारचा विषय काढला नाही.

सामानाच्या बाबतीत गंमत अशी की मोठ्या वस्तू कधी अडवत नाहीत. पत्रे येतात, चॅनेल येतात. काम अडतं ते मूठभर वस्तूंपायी. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, त्याखालचं ईपीडीएम रबरचं वॉशर, आठ मिलीमीटरचं सॉकेट, रिजखाली भरायचा फोम, ब्युटाइलची टेप, सिलिकॉन. स्क्रूचं सॉकेट हे बोटाच्या पेराएवढं असतं. ते झिजलं की डोकं घसरायला लागतं, आणि भांडुपपासून दक्षिण मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन परत येणं म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस. आता प्रत्येक साइटची एक लोखंडी पेटी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. पेटी निघताना नवरा टिक करतो, परत आली की मी मोजते, आणि जे कमी झालं ते नागदेवीच्या पुढच्या फेरीत एकदम येतं. सुरुवातीला पेटीतून सॉकेट गायब व्हायचे. मग प्रत्येक पेटीला एकेका फिटरचं नाव लावलं, गायब होणं थांबलं. का ते मी विचारलं नाही.

त्याच पेटीत एक मऊ झाडू आणि एक चुंबक असतो. पत्र्याला भोक पाडताना लोखंडाचा बारीक कीस पडतो. संध्याकाळी तो झाडून घेतला नाही तर रात्रीच्या दवात गंजतो आणि नव्या निळ्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात. पार्टीला वाटतं पत्राच खराब दिला. या ठिपक्यांवरून आमचं बिल अडकलेलं आहे, म्हणून झाडणं हे आता कामाचाच भाग, हजेरीच्या आत.

हे सगळं मोबाइलवर आणावं असं डोक्यात होतं. एक ॲप महिनाभर चालवून बघितलं. त्यात फिटरने काम किती टक्के झालं ते टाइप करायचं होतं. आमचे फिटर दोरावर लटकलेले, हातात मोजे, पत्रा तव्यासारखा तापलेला. ते टक्के काय टाइप करणार! आता दर साइटचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सुरू करताना एक फोटो, संध्याकाळी थांबताना एक फोटो, आणि मध्ये काही अडलं तर आवाजी निरोप, भोजपुरीत चालेल. मी ते ऐकून वहीत उतरवते. बिल करताना हेच फोटो लावले की "हे काम केलंच कुठे" असं कुणी म्हणत नाही.

माणसांचा प्रश्न कागदाने सुटणारा नव्हता. आमच्याकडचे बरेच कारागीर उत्तर प्रदेश आणि बिहारचे. लग्नं मेमध्ये, मुलांच्या शाळा मेमध्ये बंद, घराची डागडुजी मेमध्ये. बरोबर आमच्या ऐन हंगामात ते गावाला. त्यांना थांबा म्हणायचा अधिकार आम्हाला काय? पूर्वी अण्णा उचल देऊन माणूस बांधून ठेवायचे. उचल घेतलेला माणूस गावाला जायचा आणि कधी कधी परतच यायचा नाही. आम्ही उलटं केलं. जो होळीला जाऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत परत येईल त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट आमच्याकडून. घरचं लग्न असेल त्याने मेमध्ये जावंच, पण सांगून. सांगण्याची वेळ रेल्वेने ठरवून दिली होती. आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, त्यामुळे मेमध्ये कोण नसणार हे जानेवारीतच कळायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, म्हणून आता तो तक्ता मार्चमध्ये बनतो. खाडे तरीही होतात. पण सगळी टोळी एकदम रिकामी होत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात युक्ती काही नाही, हट्ट आहे. जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पाय पडला की फुटतो. उजेडासाठी लावलेले फायबरचे पत्रे त्याहून वाईट, धूळ बसली की बाकीच्यांत ओळखूही येत नाहीत. म्हणून आधी लाइफलाइन, म्हणजे माणसाला अडकवायचा दोर, मग अंगावरचा पट्टा म्हणजे हार्नेस, मग पर्लिनवर टेकतील अशा फळ्या, आणि त्यानंतर माणूस. यात सकाळचा पाऊण तास जातो. तो आधी धरलेला नसायचा, म्हणून काम उशिरा चाललंय असं वाटायचं आणि घाईत फळ्या खालीच राहायच्या. कोटेशनमध्ये तो वेळ धरला की घाईचं कारणच उरलं नाही. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ते फोडून खाली फेकायचे नाहीत. ओले करून, अख्खे, दोराने उतरवायचे. हाही खर्च वेगळा लिहितो. तो बघून काही पार्ट्या दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत.

आता ज्याने खरा फरक पडला ते. वर्षभराची वही चाळताना दिसलं की ज्यांचा फोन मेमध्ये येतो त्यांचं छप्पर गेल्या जुलैतच गळत होतं. तेव्हा त्यांनी बादली लावली, पाऊस गेला, भिंत वाळली, विषय संपला. आमच्याकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये कामच नसायचं. माणसं गाळ्यात बसून भंगार निवडायची. मग मी जुन्या पार्ट्यांची आणि चौकशी करून गेलेल्या सोसायट्यांची यादी काढली आणि भर पावसात फोन करायला लागले. "आत्ता येऊन बघतो, पैसे नाहीत." पावसात गळती बघणं म्हणजे कसं, पाणी कुठून शिरतंय ते अंदाजाने सांगावं लागत नाही. मुकादम वर, मी खाली वरच्या मजल्यावरच्या घरात, फोन चालू, आणि तो गच्चीवर एकेका ठिकाणी पाणी अडवून विचारतो, "अभी आया?" डागाचा फोटो, जागेचा फोटो, दोन्ही कागदाला जोडायचे.

सोसायटीच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गच्चीच्या शेडसारखा मोठा खर्च सभेपुढे न जाता कमिटी सहसा करत नाही. आमचं कोटेशन मेमध्ये जायचं, तेव्हा सभा लांब, खास सभा बोलवायला नोटीस, तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, आणि खजिनदार गावाला. ऑगस्टमध्ये फोटोंसकट कोटेशन गेलं की ते सप्टेंबरच्या सभेत येतं, आणि छताला ओल असताना वरच्या मजल्यावरचा सभासद स्वतःच आमची बाजू मांडतो. ठराव झाला की पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या परवानगीच्या कागदाला हवा तेवढा वेळ मिळतो. तो कागद आल्याशिवाय आम्ही माल मागवत नाही, त्यात तडजोड नाही. काम लागतं डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत पत्रा हाताला चटके देत नाही, माणसं दिवसभर काम करू शकतात. मेमध्ये भर दुपारी चार तास छपरावर उभंही राहवत नाही. सोसायटीत दुपारी आवाज बंद ठेवायचा नियम असतो तोही थंडीत पाळता येतो, कारण बाकीचा दिवस हाताशी असतो.

पहिल्या वर्षी ऑगस्टच्या फोनांतून फार काही हाती लागलं नाही. लोकांना वाटायचं, धंदा नाही म्हणून फोन करतायत. खरं तेच होतं म्हणा. दुसऱ्या वर्षापासून मात्र सभेतून ठराव यायला लागले, आणि मेमध्ये नवीन मोठं काम घ्यायचं नाही असं आम्ही ठरवू शकलो. अण्णांना हे जड गेलं. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्या रक्तात नाही. मधला मार्ग असा की १५ मेनंतर फक्त दुरुस्ती घ्यायची, आणि जे आधीपासून चालू असेल तिथे एक नियम: संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं. पूर्वी आम्ही पहिल्या दिवशी सगळं छप्पर मोकळं करायचो, कारण एकदम काढणं सोपं आणि भराभर होतं. तुकड्या-तुकड्याने केलं तर काम लांबतं, पण वळवाचा पाऊस आला तर पार्टीच्या मालावर पडत नाही.

या नियमाची परीक्षा २०२५ साली झाली. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. त्या वर्षी हवामान खात्याने तो २६ मेलाच जाहीर केला, म्हणजे सोळा दिवस आधी. इतका लवकर तो नोंदीत कधी आला नव्हता, आणि त्याच्याही आधी मेभर सरी चालूच होत्या. आमची दोन छपरं तेव्हा अर्धवट होती. दोन्हीकडे जेवढं उघडं तेवढं ताडपत्रीखाली आलं, कारण उघडं होतंच दोन खणांएवढं. एका ठिकाणी पन्हळीचं काम राहिलं आणि पार्टीला पावसाळाभर ड्रम लावावा लागला, त्याचं बोलणं आम्ही ऐकून घेतलं. ओळखीच्या एका ठेकेदाराचं अख्खं छप्पर त्या दिवशी मोकळं होतं. त्याला आमच्या ताडपत्र्या दिल्या.

पैशांचं मात्र अजून जमलेलं नाही. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणून बिल टप्प्याटप्प्याने करतो: माल साइटवर आल्यावर, पत्रे चढल्यावर, काम उरकल्यावर. हे बहुतेक जण मानतात. अडतं ते शेवटच्या पाच टक्क्यांवर. एक पावसाळा बघू, मग देऊ, असं ते ठरलेलं असतं, आणि पावसाळा गेला की कुणालाच आठवत नाही. आता ऑक्टोबरमध्ये मी स्वतः जाते. सेक्रेटरींना घेऊन आधी वरच्या मजल्यावरच्या घरातलं कोरडं छत बघायचं, मग गच्चीवर फेरी मारायची, पन्हळीतला पाला आमच्याच माणसाकडून काढून घ्यायचा, आणि तिथेच उरलेल्या रकमेचं पत्र हातात द्यायचं. निम्मे जण आठवड्याभरात चेक देतात. बाकीचे दिवाळीनंतर बघू म्हणतात, आणि दिवाळीनंतर कधी कधी कमिटीच बदललेली असते.